पुढचं पाहायचं काम कुणाचं?

भंडाऱ्यात, आणि भंडाऱ्यासारख्या बहुतेक जिल्ह्यांत, एक मत सहज मान्य होतं. संस्थांना, कंपन्यांना, सरकारांना पुढच्या वीस-तीस वर्षांचा विचार करायला मदत करणारा जो व्यावसायिक असतो, ज्याला आता फ्युचरिस्ट म्हणतात, तो सुटाबुटातला ज्योतिषी. उद्याचं कुणालाच कळत नाही, मग त्याला पगार कशाचा? मोठ्या तेल कंपन्यांना ही चैन परवडते. धानाच्या जिल्ह्याला युरिया वेळेवर हवा, खरेदी केंद्र वेळेवर सुरू व्हायला हवं, दवाखान्यात डॉक्टर हवा. पुढचं पुढे पाहू. २०२२ साली राज्य सरकारने ‘मित्रा’ ही धोरण-नियोजनाची संस्था काढली, जिल्ह्याजिल्ह्याचे विकास आराखडे तयार होऊ लागले, ‘विकसित महाराष्ट्र २०४७’ हे शब्द सरकारी बैठकांत रुळले, तेव्हापासून हे मत अधिक जोराने मांडलं जातं. मांडणारे अडाणी किंवा आळशी नाहीत. शेतकऱ्यांच्या आंदोलनांत आयुष्य घातलेले लोक त्यांत आहेत, निवृत्त अभियंते आहेत, शिक्षक आहेत. त्यांचा राग कुठून येतो तेही मला समजतं. तरीही त्यांचं मत चुकीचं आहे, आणि या चुकीची किंमत भंडारा जिल्हा पिढ्यानपिढ्या मोजतो आहे.

आधी हा व्यवसाय नेमका काय करतो ते पाहू. रॉयल डच शेल या तेल कंपनीच्या नियोजन विभागात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिएर वाक नावाचा फ्रेंच माणूस होता. तोवर नियोजन म्हणजे मागच्या वर्षांचे आकडे पुढे ओढणं. मागणी दरवर्षी इतकी वाढली, म्हणजे पुढेही तेवढीच वाढणार. वाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका आकड्याऐवजी भविष्याची दोन-तीन वेगवेगळी चित्रं वरिष्ठांपुढे ठेवली. स्वस्त तेलाचा काळ अचानक संपतो, असंही एक चित्र त्यांत होतं. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं आणि भाव भडकले, तेव्हा शेलमधल्या लोकांनी त्या परिस्थितीचा विचार आधीच करून ठेवलेला होता. याच वाकने १९८५ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आपली पद्धत समजावून सांगताना उदाहरण दिलं ते गंगेचं. गंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, की ठरावीक दिवसांनी ऋषिकेशला, मग अलाहाबादला, मग बनारसला पाणी चढणार, हे सांगायला दिव्यदृष्टी लागत नाही. भविष्यातल्या काही गोष्टी घडून गेलेल्याच असतात, त्यांचं पाणी फक्त आपल्यापर्यंत पोहोचायचं असतं. अशा गोष्टी ओळखायच्या, ज्या खरोखर अनिश्चित आहेत त्या बाजूला काढायच्या, आणि आज घेतलेला निर्णय वेगवेगळ्या परिस्थितींत तगेल का हे तपासायचं, एवढं हे काम आहे. यात कुंडली नाही, ग्रह नाहीत आणि ‘अमुक तारखेला अमुक होईल’ असा दावाही नाही.

वाकने गंगेचं नाव घेतलं. भंडाऱ्याच्या माणसाने तिथे वैनगंगा वाचावी. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. सिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर भीमगडचं संजय सरोवर आहे, त्याचे दरवाजे उघडले. २९ ऑगस्टपासून पुढचे दोन-तीन दिवस भंडारा शहर आणि नदीकाठची गावं पाण्यात होती. खाली वैनगंगेवरच्याच गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि त्याही खाली ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांची दैना झाली. मुख्य पाऊस इथे नव्हे, वर पडला होता. पाणी येणार हे ठरलेलं होतं. किती येईल, कधी येईल, त्या वेळी गोसीखुर्दची पातळी किती असेल, आणि सिवनीतून निघालेला निरोप कोणत्या टेबलावरून कोणत्या गावच्या पोलीस पाटलाच्या फोनपर्यंत जाईल, हे सगळं आधी बसून ठरवता येण्यासारखं होतं. पूर ओसरल्यावर दोन राज्यांतला समन्वय कमी पडल्याची चर्चा झाली. ही चर्चा पुराच्या दहा वर्षं आधी व्हायला हवी होती. ती करणं हे त्या वेळी कुणाच्याही नोकरीच्या कामांत नव्हतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या नाही, पाटबंधारे खात्याच्या कार्यकारी अभियंत्याच्या नाही, तहसीलदारांच्या तर नाहीच. प्रत्येकाने आपलं नेमून दिलेलं काम केलं असेल. दहा वर्षांपुढचं काम कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं.

हे काम मराठी माणसाला परकं आहे असंही नाही. मुंबईत संदीप वासलेकरांनी २००२ साली स्ट्रॅटेजिक फोरसाइट ग्रुप ही संस्था उभी केली. वेगवेगळ्या देशांच्या सरकारांना आणि संस्थांना पुढच्या काळाचा विचार करून देणं हेच तिचं काम. या संस्थेचा २०११ सालचा ‘ब्लू पीस’ हा अहवाल पश्चिम आशियातल्या पाण्यावर आहे. तुर्कस्तान, सीरिया, इराक, लेबनॉन, जॉर्डन, इस्रायल, पॅलेस्टाइन यांनी नद्यांवरून भांडण्याऐवजी पाण्याची मोजणी आणि माहिती एकमेकांना कशी द्यावी, कोणत्या देशांनी मिळून कोणती परिषद स्थापावी, याची मांडणी तिथे आहे. मुंबईत बसून टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांबद्दल हा विचार होऊ शकतो. मग सिवनी, बालाघाट आणि भंडारा या तीन जिल्ह्यांना बांधणाऱ्या नदीबद्दल तो का होऊ नये? इथे तर देश एक आहे, आणि तुमसर तालुक्याच्या सीमेवरचा बावनथडी प्रकल्प दोन्ही राज्यांनी एकत्र उभारलेला आहे. म्हणजे एकत्र बसायची सवय मुळीच नाही असं म्हणायलाही जागा नाही.

इथे प्रतिपक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा येतो, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ‘ब्लू पीस’ फेब्रुवारी २०११ मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात सीरिया पेटला. ज्या देशांनी एकत्र बसावं असं अहवाल म्हणत होता, त्यांतला एक देश कित्येक वर्षं यादवीत जळत राहिला. मग त्या अहवालाचा उपयोग काय? याला जोड म्हणून फिलिप टेटलॉक या अमेरिकी अभ्यासकाचं नाव घेतलं जातं. त्याने राजकारण आणि अर्थकारणातल्या २८४ तज्ज्ञांची भाकितं वर्षानुवर्षं नोंदवून ठेवली आणि २००५ साली निष्कर्ष छापला. तज्ज्ञांची सरासरी कामगिरी अंदाजपंचे ठोकण्याच्या आसपासच होती. वर्तमानपत्रांत ज्यांची नावं जास्त झळकतात ते तर आणखी चुकत होते.

हे सगळं खरं आहे. पण टेटलॉकचं काम २००५ साली संपलं नाही. पुढे त्याने हजारो सामान्य माणसांना घेऊन पुन्हा प्रयोग केले. जी माणसं आपला अंदाज लिहून ठेवतात, नवी माहिती आली की तो दुरुस्त करतात आणि शेवटी आपण किती चुकलो ते मोजतात, त्यांचे अंदाज सातत्याने बरे येतात असं त्याला आढळलं. म्हणजे दोष पुढचा विचार करण्यात नाही. दोष आहे तो विचार करून विसरून जाण्यात, आणि हिशेब न ठेवण्यात. सीरियाचंही असंच आहे. युद्ध होईल की नाही हे त्या अहवालाला सांगता आलं नाही. पण युफ्रेटिस तुर्कस्तानात उगम पावते आणि सीरियातून इराकात जाते, ही गोष्ट युद्धाने बदलली नाही. युद्ध थांबलं तरी त्या देशांना पाण्याच्या मोजणीसाठी एकमेकांसमोर बसावंच लागणार. अनिश्चित काय आणि ठरलेलं काय, हा भेद वाकने गंगेवरून सांगितला होता, तो इथेही लागू पडतो. भाकीत चुकलं म्हणून नियोजनाला निकामी ठरवणारे लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

आणि एक प्रश्न मी त्यांना विचारतो. भाकितांवर विश्वास नाही म्हणता, मग गोसीखुर्द काय आहे?

१९८३ साली या प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपये होता. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी पवनी तालुक्यात भूमिपूजन केलं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजेल असं लिहिलं गेलं. हे सगळं भाकीतच होतं. इतका खर्च येईल, इतक्या वर्षांत होईल, इतकं पाणी साठेल, इतकं शेतात पोहोचेल. ज्या कागदावर ते लिहिलं त्याला आराखडा म्हटलं, म्हणून ते भाकीत राहिलं नाही असं होत नाही. २००९ साली केंद्राने त्याला राष्ट्रीय प्रकल्प केलं. खर्च १८ हजार कोटींच्या पुढे गेला. कालव्याच्या अस्तरीकरणाच्या दर्जावर चौकश्या झाल्या, काम पुन्हा करायची वेळ आली. विस्थापितांच्या मोबदल्याचा प्रश्न इतका चिघळला, की भूमिपूजनानंतर पंचवीस वर्षांनी, २०१३ साली, जवळपास १,२०० कोटींचं विशेष पॅकेज द्यावं लागलं. अडीच लाख हेक्टरांचं उद्दिष्ट आजही पूर्ण झालेलं नाही. ज्या बापाने भूमिपूजनाच्या वेळी आपल्या बांधीला नहराचं पाणी येईल म्हणून बैल विकायचं थांबवलं, त्याचा नातू आज त्याच बांधीत पाऊस कधी येतो म्हणून आभाळाकडे पाहतो.

भ्रष्टाचार हे एकच उत्तर यावर दिलं जातं. भ्रष्टाचार झाला असेल तिथे शिक्षा व्हावी, त्याबद्दल दुमत नाही. पण भ्रष्टाचार शून्य असता तरी या प्रकल्पाचं एक दुखणं टळलं नसतं. ते दुखणं म्हणजे नाग नदी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते, आणि पुढे गोसीखुर्दच्या भिंतीमागे ते पाणी तुंबून उभं राहतं. वाहत्या नदीत जी घाण पुढे निघून जात होती ती आता जलाशयात साठते. धरणाचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत येतो, आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यामुळे बिकट झाला. नागपूर वाढणार हे १९८३ साली कुणाला ठाऊक नव्हतं? विदर्भातलं ते सगळ्यात मोठं शहर, संत्र्यांची पेठ, मध्य भारतातलं रेल्वेचं मोठं जंक्शन. ते वाढणार हे वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाइतकं ठरलेलं होतं. वाढत्या शहराचं सांडपाणी ज्या नदीला मिळतं तिच्यावर आपण धरण बांधतो आहोत, तीस वर्षांनी त्या पाण्याचा रंग काय असेल, असा प्रश्न विचारणारा एक माणूस त्या टेबलाभोवती असायला हवा होता. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने आता मंजूर केलेला प्रकल्प जवळपास २ हजार कोटींचा आहे. म्हणजे मूळ धरणाच्या अंदाजाच्या पाचपट पैसा फक्त त्या न विचारलेल्या प्रश्नापायी. यात महागाई धरायला हवी हे मान्य. धरल्यावरही फ्युचरिस्टच्या पगाराची चैन परवडत नाही असं म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी लिहून पाहावेत.

याच जातीचं दुसरं उदाहरण साकोलीजवळ मुंडीपारला आहे. विजेची सामग्री बनवणाऱ्या भेल या सरकारी कंपनीच्या कारखान्याचं २०१३ साली भूमिपूजन झालं. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. कारखाना उभा राहिला नाही. विजेच्या सामग्रीची मागणी अशीच चढत राहील या एकाच भविष्यावर ते सगळं उभं होतं. मागणी चढली नाही तर त्या जमिनीचं काय, किती वर्षं वाट पाहायची, जमीन परत कशी द्यायची, याचं एक पानही आधी लिहिलं गेलं असतं तर त्या शेतकऱ्यांना इतकी वर्षं मोर्चे काढत बसावं लागलं नसतं.

‘आधी आजचं पाहा’ हा दुसरा आक्षेप. यात तळमळ आहे, म्हणून तो ऐकायला बरा वाटतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करायचे आदेश निघाले. आग लागली तर बाळांना कोणत्या दाराने बाहेर काढायचं, धूर कुठून बाहेर जाईल, रात्रपाळीला किती जण हवेत, हे प्रश्न ८ जानेवारीला ‘पुढचे’ होते. त्या दिवशी वॉर्डात आजची कामं होतीच, आणि ती रोज असतात. आजची कामं कधी संपत नाहीत. म्हणून ती संपल्यावर पुढचं पाहू असं ज्या संस्थेने ठरवलं, तिथे पुढचं कधीच पाहिलं जात नाही. दहा घरांतली ती रिकामी झोळी आठवून मी म्हणतो, आजच्या कामांतून ज्याला मोकळं ठेवलंय असा माणूस संस्थेत असणं ही चैन नव्हे.

धानाचंही तेच. हमीभावाच्या वर सरकार बोनस देत आलं आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ च्या हंगामांत तो हेक्टरी २० हजार रुपये होता, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पवनी-लाखांदूरच्या शेतकऱ्याचं घर त्यावर चालतं, म्हणून बोनससाठी भांडणारे योग्यच करतात. पण जिल्ह्याचं सगळं अर्थकारण एका पिकावर, एका खरेदीदारावर आणि दरवर्षी होणाऱ्या एका घोषणेवर उभं असताना, तो खरेदीदार उद्या हात आखडता घेईल तेव्हा काय, हा प्रश्न कुणी विचारायचा? चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं ही आनंदाची गोष्ट आहे. त्या वाणाखाली किती जमीन आणायची, भरडाई कुठे करायची, उन्हाळी धानाला उपसलेल्या पाण्याचा हिशेब काय, हे ठरवायला पंधरा वर्षांची दृष्टी लागते. बोनसच्या आंदोलनाला ती असू शकत नाही, त्याचा तो दोषही नाही. आंदोलन पुढच्या हंगामासाठी असतं.

तिसरा आक्षेप मला जवळचा आहे, आणि म्हणूनच तो खोडण्यात मला सगळ्यात जास्त रस आहे. आमच्या पूर्वजांना हे सगळं कळत होतं, असं म्हणतात. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन असा शिरस्ता होता, आणि कोहळी समाजाने झाडीपट्टीभर हजारो तलाव आणि बोड्या खोदल्या. पाळ कुठे घालायची, तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून, कोणत्या पातळीचं पाणी कधी सोडायचं, सांडवा किती रुंद ठेवायचा, वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात कसं उतरवायचं, हे सगळं त्यांनी शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पावसाचा विचार करून केलं. त्यांतल्या कित्येक पाळी आजही उभ्या आहेत. मग मुंबई-दिल्लीच्या फ्युचरिस्टने आम्हाला काय शिकवायचं?

काही नाही. पण तलाव नुसत्या शहाणपणावर टिकले नव्हते. त्यांच्यामागे एक पद होतं. पावसाळ्याआधी पाळ पाहणं, गाळ काढायला गाव बोलावणं, पाणी कमी असलं की कुणाची बांधी आधी भिजेल हे ठरवणं, रोवणीच्या वेळी तंटा झाला तर तो मिटवणं, या सगळ्याची जबाबदारी मालगुजारावर, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारावर, आणि गावातल्या नेमलेल्या माणसांवर होती. त्या जबाबदारीबरोबर अधिकार होता आणि मोबदलाही होता. मालगुजारी वाईट होती. वेठबिगारी होती, जुलूम होता, आणि १९५० च्या कायद्याने ती गेली हे न्यायाचंच झालं. पण मालगुजाराबरोबर ते पदही गेलं. तलाव सरकारजमा झाले, माजी मालगुजारी तलाव म्हणजे कागदोपत्री ‘मामा तलाव’ झाले, काही पाटबंधारे खात्याकडे गेले, बाकीचे जिल्हा परिषदेकडे. गावाचा निस्ताराचा, म्हणजे परंपरेने पाणी वापरायचा, हक्क आणि सरकारची पाणीपट्टी यांचा वाद सुरू झाला. पाळीवर झाडं वाढली, पोटात गाळ साचला, कडेने बेशरम माजली, आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांची मासळी घटत गेली. शहाणपण गावात होतंच. ते वापरायचं काम मात्र कुणाचंच उरलं नाही.

म्हणून पूर्वजांचा दाखला देऊन फ्युचरिस्ट नाकारणाऱ्यांना मी म्हणेन, की तुमचा दाखला माझ्या बाजूचा आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांना सोबत घेऊन जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या, म्हणजे आज गोंदियात गेलेल्या अर्जुनी मोरगाव भागातल्या तलावांवर काम केलं. कोणती पाणवनस्पती गेल्यामुळे कोणता मासा गेला हे ढिवरांकडून समजून घेतलं आणि त्या वनस्पती पुन्हा लावल्या. दहा वर्षांनी तलावात काय असेल याचा विचार करून आज चिखलात हात घालणं, हे मला शेलच्या नियोजन विभागात चाललेल्या कामाइतकंच भविष्याचं काम वाटतं. फरक इतकाच, की वाकला कंपनीने पगार आणि वरिष्ठांच्या टेबलावर जागा दिली होती. जिल्ह्याच्या टेबलावर अशी जागाच नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांना दोन शब्द, कारण या रागाला त्यांनीही खतपाणी घातलं आहे. २०४७ चं चित्र रंगवणारे सल्लागार येतात, जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न किती होईल याचे आलेख दाखवतात आणि जातात. त्या आलेखांत एकच भविष्य असतं, आणि ते नेहमी चांगलं असतं. पाऊस कमी झाला, बोनस थांबला, वरच्या राज्याने पाणी अडवलं, तरुण नागपूर-पुण्याला निघून गेले, असं दुसरं चित्र त्या कागदांत सापडत नाही. २०४७ साली त्या कागदाचा जाब द्यायला कुणी जागेवर नसेल. याला भविष्याचा अभ्यास म्हणू नये. दुसरीकडे जिल्हा नियोजन समिती आहे. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तिला जिल्ह्याच्या विकासाचा आराखडा करायचं काम दिलं. प्रत्यक्षात तिचा बहुतेक जीव जिल्हा वार्षिक योजनेचा निधी ३१ मार्चच्या आत खर्च करण्यात जातो. ३१ मार्च आणि २०४७ यांच्या मधली जी वीस वर्षं आहेत, ज्यांत आजची पोरं शेती करतील, घरं बांधतील, म्हातारी होतील, ती कुणाच्याच ताब्यात नाहीत.

ही जागा भरता येते. वेल्स हा ब्रिटनमधला छोटा देश, लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. २०१५ साली तिथे पुढच्या पिढ्यांच्या हिताचा कायदा झाला आणि त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला गेला. न्यूपोर्टजवळ एम-४ महामार्गाला पर्यायी रस्ता काढायचा सरकारचा मोठा बेत होता. आयुक्तांनी त्याला उघड विरोध केला, आणि २०१९ साली सरकारने तो बेत सोडून दिला. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्हा १२ लाखांचा होता. वेल्सइतका मोठा नाही, पण एक लहानसं कार्यालय पेलू न शकण्याइतका लहानही नाही. माणसं कुठून आणणार, असं विचारतात. केरळ विद्यापीठात फ्युचर्स स्टडीजचा स्वतंत्र विभाग कित्येक वर्षं चालू आहे. तिथे जाऊन शिकलेला तुमसरचा एखादा मुलगा, पाण्याचा हिशेब कळणारी एखादी निवृत्त अभियंता, तलाव ओळखणारा एखादा ढिवर, एखादी आरोग्यसेविका, असे चार-पाच जण जिल्हा नियोजन समितीला जोडून बसवता येतील. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक कामामागची गृहीतकं त्यांनी मराठीत लिहून प्रसिद्ध करावीत आणि दर पाच वर्षांनी ती तपासून काय चुकलं ते छापावं. निर्णय घ्यायचा अधिकार लोकप्रतिनिधींचाच राहील. या लोकांना फक्त विचारायचा अधिकार हवा, आणि प्रशासनावर उत्तर द्यायचं बंधन हवं.

हे तातडीचं का आहे, तर वैनगंगा-नळगंगा जोडकालवा. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने त्याला मान्यता दिली. गोसीखुर्दचं पाणी सुमारे ४२६ किलोमीटर लांब, बुलढाण्यापर्यंत न्यायचं, वाटेत विदर्भातली ३ लाख ७१ हजार हेक्टर जमीन भिजवायची, खर्च ८७ हजार कोटींच्या वर. पश्चिम विदर्भातल्या कापूस उत्पादकांना पाणी मिळायला हवं, त्यांच्या आत्महत्या आपण पाहिल्या आहेत, म्हणून या योजनेला आंधळा विरोध करायला मी तयार नाही. पण ३७२ कोटींच्या वेळी जे विचारलं नाही ते ८७ हजार कोटींच्या वेळी विचारलंच पाहिजे. मध्य प्रदेशाने वर आणखी पाणी अडवलं तर गोसीखुर्दमध्ये किती उरेल? लागोपाठ तीन वर्षं पाऊस हुकला, तर आधी पवनीची रोवणी की आधी बुलढाण्याचा कालवा, आणि ते कोण ठरवेल? गोसीखुर्दचं स्वतःचं अडीच लाख हेक्टर भिजणं आधी पूर्ण व्हायचं की नाही? नागपूरचं सांडपाणी नीट शुद्ध झालं नाही तर ४२६ किलोमीटर आपण कोणतं पाणी वाहून नेणार? पूर्ण व्हायला तीस वर्षं लागली तर तोवर ज्यांची जमीन कालव्यात गेली त्यांनी कशावर जगायचं?

या प्रत्येक प्रश्नापुढे एक उत्तर, एक तारीख आणि एका अधिकाऱ्याच्या पदाचं नाव लिहिलेला कागद भूसंपादनाची पहिली नोटीस निघण्याआधी भंडारा जिल्हा नियोजन समितीच्या टेबलावर आला पाहिजे, आणि तो वाचून त्याला उलट प्रश्न विचारायला नेमलेली माणसं तिथे बसलेली असली पाहिजेत.